मूठभर कणीक

देवीलालच्या चक्कीपुढं त्या दिवशी रांग पार रस्त्यापर्यंत आली होती, आणि ती रांग अडवून एक उंच, सडपातळ तरुण ज्वारीची पिशवी छातीशी धरून उभा होता.

"दळण्याआधी चक्की पूर्ण झाडून घ्याल का? आतलं गव्हाचं पीठ सगळं काढून?" तो देवीलालला इतक्या हळू विचारत होता, जणू काही गुन्हा कबूल करतोय.

मागच्या बाया कुरकुरल्या. त्यांच्यात अर्पिताही होती. कमरेवर गव्हाचा डबा, डोक्यावर वणीचं ऑक्टोबरातलं ऊन, आणि घरी पंधरा जेवणाचे डबे भरायचे बाकी! तिची जीभ सुटलीच.

"शाम्पूनं धुऊनच घ्या ना जी चक्की! एवढे कायचे नखरे?"

सगळी रांग हसली. तोही हसला, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"नखरे नाहीत हो," तो वळून म्हणाला. "गहू पोटात गेला की दोन-चार दिवसांत मी दवाखान्यात जातो. चिमूटभर गेला तरी."

अर्पिताचं तोंड एवढंसं झालं. देवीलालनं मात्र चुटकीसरशी मार्ग काढला. "साहेब, आता नाही जमत. उद्या सकाळी पह्यलं दळण तुमचं. झाडून ठेवतो आजच. आन् एकटे माणूस तुम्ही, भाकरी थापत कायले बसता? हे अर्पिता पाहा, हिच्या मायचे घरगुती डबे आहेत. तिलेच विचारा."

"यांना?" तो गंभीर चेहरा करून म्हणाला. "या मला शाम्पूनं धुतील."

"चक्कीले म्हटलं होतं, तुम्हाले नाही!" अर्पिता म्हणाली. मग त्याच्या कपाळावर आलेल्या कुरळ्या केसांकडं बघून तिच्या तोंडून निघून गेलं, "तुम्हाले काही गरज नाही..."

आणि आता तिचेच कान लाल झाले.

त्याचं नाव मंदार. यवतमाळचा, आईवडील दोघंही नोकरीत असलेल्या घरातला. कोळसा खाणीच्या कचेरीत सर्व्हेअर म्हणून वर्षभरापूर्वी वणीला आलेला. गहू सोसत नाही हे त्याला सहा वर्षांपूर्वी कळलं होतं. औषध काहीच नाही, फक्त गहू, मैदा, रवा जन्मभर बंद. अर्पिताची आई विमलताई हे ऐकून म्हणाली, "म्हणजे औषधावानी रांधा लागते. रांधू की!" नवा तवा आला, वेगळी काठवट आली, ज्वारीच्या पिठाचा वेगळा डबा आला. किसनराव, अर्पिताचे वडील, गावाकडं शेतात राहायचे. त्यांनी घरची ज्वारी पाठवून दिली.

बाकीचे डबे सायकलवरून पोचायचे. मंदार मात्र आपला डबा न्यायला स्वतः यायचा. दुपारी सव्वा वाजता मोटारसायकल दाराशी थांबायची आणि अर्पिता सव्वा वाजायच्या आधीच केस सारखे करून दाराशी असायची. पाच मिनिटांचं बोलणं... कधी दहा.

"सगळ्यात जास्त कायची आठवण येते तुम्हाले?" तिनं एकदा विचारलं.

"सांबारवडीची," तो डोळे मिटून म्हणाला. "वरून कुरकुरीत, आत नुसती हिरवीगार कोथिंबीर ठासलेली. पण वरचं आवरण मैद्याचं ना!" मग थोडं थांबून, "आणि कुणाच्याही घरी बिनधास्त पाटावर बसून जेवण्याची. आता लग्नात गेलो की उपास आहे म्हणून सांगतो. आमच्या नातेवाइकांना वाटतं, मी फार मोठा देवभक्त झालोय."

ती खळखळून हसली. तो हसत तिच्याकडं बघत राहिला, आणि त्या दिवशी डबा न घेताच निघाला. तिला मागे धावत जावं लागलं.

मग दिवाळीनंतर विमलताई न्हाणीघरात घसरली आणि तिच्या उजव्या हाताला प्लॅस्टर आलं.

पोळ्या अर्पिता झोपेतही करायची. भाकर मात्र तिच्या हाताला कधी बसली नव्हती. पहिल्या दिवशी काठवटीतून उचलली की फाटायची, तव्यावर टाकली की तुकडे. आईला विचारावं तर आई प्लॅस्टरच्या ठणक्यानं नुकती कुठं डोळा लागून पडलेली. ते तुकडेच तिनं फडक्यात गुंडाळून दिले. दुसऱ्या दिवशी दाराशी मंदार मिश्कीलपणे म्हणाला, "काल भाकर होती की चिवडा?"

त्यानं थट्टाच केली होती. ती हसलीही. पण घरात आल्यावर तिला रडू फुटलं. वीस-बावीस वर्षांची धडधाकट पोट्टी, डबे पुरवणाऱ्या घरातली, आणि एका माणसापुढं धड भाकर ठेवता येत नाही!

पुढच्या सकाळी तिनं ज्वारीच्या पिठात मूठभर कणीक टाकली. मूठभरच. शुगरवाले नाही का चोरून जिलेबी खात? काय होते त्यांना? तिनं स्वतःला असं समजावलं, आणि हात भरभर चालवला, कारण सावकाश चालवला असता तर कदाचित थांबला असता. भाकर गोल झाली. फुगली. न फाटता डब्यात गेली.

"अर्पिता, काल भाकर होती की साय?" दुसऱ्या दिवशी मंदार म्हणाला.

तिला इतकं सुख झालं, इतकं... की पुढचे तीन दिवसही तिनं तेच केलं.

पाचव्या दिवशी सव्वा वाजला, दीड वाजला, दोन वाजले. मोटारसायकल आली नाही. संध्याकाळी देवीलालकडून कळलं, साहेब दवाखान्यात आहेत.

ती मुगाच्या डाळीचं पाणी घेऊन गेली. मंदार भिंतीकडं तोंड करून पडला होता, हाताला सलाईन, ओठ पांढरे, तोंडात फोड. तिला बघून उठायचा प्रयत्न करायला लागला.

"रविवारची नागपूरची परीक्षा गेली," तो म्हणाला. "खात्याची. वर्षभर अभ्यास केला होता... जाऊ दे."

तिनं डाळीचं पाणी ग्लासात ओतलं.

"कचेरीच्या कँटीनच्या धावजीकाकांनी साबुदाण्याच्या खिचडीत उपम्याचाच झारा घातला असणार. दुसरं काही खाल्लंच नाही मी बाहेर. सगळ्यांसमोर बोललो त्यांना. म्हातारा माणूस, नुसता 'नाही सायेब, नाही सायेब' म्हणत राहिला." त्यानं डोळे मिटले. मग हळूच म्हणाला, "तुझा डबा होता म्हणून एवढ्यावर निभावलं, अर्पिता. तुझ्या हातचं खाताना मला भीती वाटत नाही."

तुझा. तुझ्या. महिनाभर तो 'तुम्ही' म्हणत होता. हा 'तू' कधी येईल याची तिनं मनातल्या मनात किती वाट पाहिली होती! आणि तो आला तो असा. तिनं ग्लास स्टुलावर ठेवला, "येते," म्हणाली, आणि जिना उतरताना कठडा घट्ट धरून उतरली.

आता सांगावं, उद्या सांगावं... बरा झाल्यावर सांगावं. दिवस जात राहिले. कणकेचा डबा तिनं पार दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला आणि आईच्या उशाशी जाऊन बसली.

"माय, भाकर काहून फाटते वं माही?"

"थंड्या पाण्यात भिजवत असशील. उकळतं पाणी टाक, झाकून ठेव, मंग मळ. तळव्यानं मळ, बोटानं नाही. मले आधी काहून नाही विचारलं?"

तीन दिवसांत तिची भाकर सरळ झाली. इतकं सोपं होतं. नुसतं विचारायचं होतं. ती टम्म फुगलेली भाकर बघून तिला आनंद नाही झाला; तिनं ती फडक्याखाली झाकून टाकली.

मंदार पुन्हा डबा न्यायला येऊ लागला. वाळलेला, पण हसरा. ती त्याच्याकडं बघायची नाही. "काय झालं? रागावलीस?" तो विचारायचा. ती डबा हातात देऊन आत पळायची. त्याला ती लाज वेगळीच वाटत असावी, कारण तो जाताना शीळ घालत जायचा.

आणि एका दुपारी दारात धावजी येऊन उभा राहिला. साठीचा, काटक, मुंडासं काढून हातात घेतलेलं.

"विमलबाई, एक काम होतं," तो उंबऱ्याबाहेरच बसत म्हणाला. "त्या मंदार सायेबाले माह्या हातून तरास झाला. मी झारा बदलला होता, देवाची आन... पण चुकलं असन कुठंतरी. म्हातारा झालो. आता लोक माह्याकडं खात नाहीत जास्त. तेचं काही नाही. पण त्या पोराले तुमचं जेवन कसं सोसते, भांडे कसे ठेवता, थे मले शिकवा. पुन्हा असं नाही व्हाले पाह्यजे."

अर्पिता आतल्या दाराशी उभी होती. ती बाहेर आली आणि धावजीच्या समोर जमिनीवर बसली.

"काका, तुमचा झारा बरोबर होता. मी भाकरीत कणीक टाकली होती. चार दिवस."

विमलताईनं डावा हात तोंडावर नेला.

"तुले माहीत होतं ना वं, त्याले चालत नाही?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच जास्त लागला.

"माहीत होतं."

धावजी मुंडासं बोटांत फिरवत राहिला. मग म्हणाला, "जाऊ दे बाई. मी बदनाम झालोच आहो. मले म्हाताऱ्याले काय फरक पडते? तुह्यं लग्नाचं वय. नको बोलू कोनाले."

तेवढं ऐकलं आणि तिचा बांध फुटला. रडणं संपल्यावर ती उठली, तोंड धुतलं, चप्पल घातली.

"तुम्ही माह्यासोबत या काका. सगळे जेवायले बसले असतील ना आता?"

कँटीनमध्ये पंधरा-वीस माणसं होती. मंदार खिडकीशी तिच्याच हातचा डबा उघडून बसला होता. तिला बघून त्याचा चेहरा उजळला, तो अर्धवट उठलाही. ती मधोमध उभी राहिली. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल इतका मोठा काढला.

"मंदारजी, तुम्ही धावजीकाकांमुळे आजारी नाही पडले. माह्यामुळे पडले. माही भाकर तुटत होती म्हणून मी तिच्यात गव्हाची कणीक मिसळली. चार दिवस. काकांची काही चूक नाही."

चमचे थांबले. मंदारच्या हातातला घास तसाच राहिला.

"मी म्हटलं होतं, साय... तेव्हाच्या भाकरी?"

"हो."

"मी दवाखान्यात तुला म्हटलं, तेव्हाही तू..."

"हो."

"पण का? तुटल्या तर तुटल्या असत्या! मी तुकडे खाल्ले नसते का? का केलंस?"

का, ते तिला माहीत होतं. पण ते वीस माणसांत कसं सांगायचं? ती खाली बघत राहिली. त्यानं हातातला घास डब्यात ठेवला, हात धुतला आणि सरळ धावजीपाशी जाऊन त्याच्या पायाला हात लावला. "काका, मी न विचारता तुम्हाला बोललो. सगळ्यांसमोर बोललो. सगळ्यांसमोर माफी मागतो."

मग दाराकडं जाताना तो तिच्यापाशी क्षणभर थांबला. "डबा बंद करा उद्यापासून," म्हणाला.

करा. 'तू' आला तसा गेला.

वणी काही फार मोठं गाव नाही. चक्कीच्या रांगेत बाया तिला बघून गप्प व्हायला लागल्या. दोन घरांनी डबा बंद केला, एकीनं तर तोंडावर विचारलं, "आमच्या वरणात काय काय टाकतं वं तू?" अर्पिता मान खाली घालून ऐकायची.

पण रोज दुपारी डबे गेले की ती धावजीकडं जायची. कँटीनचा एक कोपरा दोघांनी मिळून घासून काढला. वेगळी कढई, वेगळं तेल, वेगळा झारा, त्याच्या दांड्याला लाल दोरा. फडताळातली एकेक पुडी ती खिडकीशी नेऊन वाचायची. एक दिवस हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचून ती मटकन खालीच बसली. हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ! मग बाजारात हिंडून खडा हिंग शोधला.

गोळाभात जमला. तांदळाच्या पिठाची धिरडी जमली. सांबारवडी मात्र जमेना. मैद्याऐवजी बेसन नि तांदळाच्या पिठाची उकड घेतली तर तेलात सोडताच वडी फुटायची आणि कोथिंबीर कढईभर पोहायची. धावजी त्या फुटक्या वड्या मन लावून खायचा. "फुटली म्हनून का थे वडी नाही?" म्हणायचा. तिसऱ्या आठवड्यात तिनं वड्या आधी वाफवून घेतल्या आणि मग तळल्या. एकही फुटली नाही.

"सायेबाले देतो," धावजी म्हणाला. "मीच केल्या म्हनून सांगतो. म्हंजे खातील."

"नाही काका. माह्यं नाव सांगूनच द्या. नाही खाल्ल्या तर नाही."

ताटली तशीच परत आली. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाठवली, पुन्हा परत आली. धावजी म्हणाला, या खेपेला थोडा वेळ समोर ठेवून बघत होते. तिसऱ्यांदा तिनं पाठवलीच नाही. मागं लागून मिळवायची ती गोष्ट नव्हे, एवढं तिला आता कळत होतं.

डिसेंबरात अवकाळी पाऊस आला. गावाकडं किसनरावांचा वेचलेला कापूस झाकायची धावपळ, इकडं अंगणात पाणीच पाणी. रविवार होता, डब्यांना सुट्टी. आणि दाराशी मोटारसायकल थांबली.

मंदार ओलाचिंब उभा होता. केस कपाळाला चिकटलेले.

"माझ्यासमोर कर," तो म्हणाला.

"...काय?"

"सांबारवडी. मला सगळं बघायचंय. सुरुवातीपासून."

विमलताईनं त्याला टॉवेल दिला, लेकीकडं एकदा पाहिलं आणि आतल्या खोलीत गेली.

अर्पितानं हात कोपरापर्यंत धुतले. घरीही वेगळी ठेवलेली, कडीला लाल दोरा बांधलेली कढई उतरवली. एकेक डबा उघडून त्याच्यासमोर धरला. बेसन, तांदळाचं पीठ, तीळ, खसखस, खोबरं. तो दाराच्या चौकटीला टेकून टक लावून बघत होता, आधी पिठाकडं, मग हातांकडं... मग बराच वेळ नुसता तिच्याकडं.

"हे काय?" त्यानं एक तपकिरी खडा उचलला.

"हिंग. खडा हिंग. डबीतल्यात गव्हाचं पीठ असते. तुम्ही वापरत होते का डबीतला?"

"सहा वर्षं," तो म्हणाला. "माझी आई रोज फोडणीत... आणि मीही, रोज. मला माहीतच नव्हतं. स्वतःच स्वतःला..." आणि मग त्याला हसू आलं. खूप दिवसांनी. तिला हसावं की रडावं कळेना.

वडी तळून तिनं बशीत ठेवली. त्यानं तुकडा तोडला. वाफ निघाली, हिरवी. पहिल्या घासाला त्याचा हात अडखळला, ते तिनं पाहिलं, आणि तिला जमिनीत जावंसं वाटलं. पण तिनं नजर वळवली नाही. तो घास आपल्यामुळे जड झाला होता. बघायलाच हवा होता.

त्यानं खाल्ला. डोळे मिटले.

"दुसरी?"

"आज एकच. उद्या बरं वाटलं तर दुसरी."

"उद्या येऊ?"

"बरे असाल तर."

पाऊस पत्र्यावर वाजत होता. तो बशी हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"त्या दिवशी मी विचारलं होतं, का केलंस. तू काही बोलली नाहीस."

तू. चुलीकडं तोंड करून तिनं सांगून टाकलं, कारण तोंडावर सांगणं तिला जमलं नसतं.

"फाटकी भाकर बाकी डब्यांत गेली असती तर मले काहीच वाटलं नसतं. बाकी सगळ्यांना म्हटलं असतं, आज चालवून घ्या. फक्त तुमच्यापुढं ठेवाची लाज वाटली. फक्त... तुमच्यापुढं."

मागे बशी ओट्यावर ठेवल्याचा बारीक आवाज.

"पाच आठवडे मी हॉटेलातला दहीभात खातोय," तो तिच्या अगदी जवळून म्हणाला. "तुझा राग आला म्हणून डबा बंद केला. मग राग गेला, आणि लाज वाटायला लागली की आता कोणत्या तोंडानं सुरू करा म्हणू. तू वीस माणसांसमोर खरं बोललीस. माझ्याच्यानं ताटली परत पाठवण्याशिवाय काही झालं नाही. अर्पिता... मला तुटक्या भाकरी आवडतील. पण त्या तू दिलेल्या हव्यात. रोज. जन्मभर."

"जन्मभर?" ती वळली. डोळे भरलेले, गालाला तांदळाचं पीठ. "आधी उद्या सकाळी बरे तर राहा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजताच फोन आला. "बरा आहे," तो म्हणाला. "एकदम ठणठणीत. जेवायला येऊ? डबा नको. तिथंच बसतो."

दुपारी तो आला, चपला काढल्या आणि विमलताईनं मांडलेल्या पाटावर मांडी घालून बसला. ताटात काय आहे ते त्यानं विचारलं नाही. तरी अर्पितानं वाढता वाढता एकेक सांगितलं. वरणात तूर, तूप, खडा हिंग. भातात गोळे, हरभऱ्याच्या डाळीचे. भाकर घरच्या ज्वारीची, पहिल्या दळणाची, काठवट धुतलेली, तवा वेगळा. तो हात न लावता ऐकत होता, तिच्याकडं बघत. चटणीपाशी आली तेव्हा आतून विमलताईचा आवाज आला.

"अवं, त्या लेकराले जेवू देशील का आता?"